नवरा नशा करतो आणि मी गरोदर आहे: तपासण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत माझी ड्रग टेस्टही होते का?

भारतात होत नाही. नाव नोंदवताना रक्त घेतात ते हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस आणि बी प्रकारची कावीळ यांसाठी. लघवीत प्रथिनं, साखर आणि पू-पेशी बघतात. त्या बाटलीतून गांजा किंवा गर्द (हेरॉइन) कुणी शोधत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी लागते, आणि डॉक्टरांनी ती तपासणी नाव घालून लिहून द्यावी लागते. सहसा ती लिहिली जाते ती बाईला आधी कधी नसलेले झटके आले, ती अर्धवट शुद्धीत आणली गेली, किंवा वार अचानक सुटली आणि कारण सापडेना, अशा वेळी.

तेव्हा "माझ्या लघवीत त्याचं काही निघेल का" ही धास्ती जरा बाजूला ठेवा. नवऱ्याच्या नशेतून बाईपर्यंत जे पोचतं, त्यातलं बरंचसं लघवीच्या ड्रग टेस्टमध्ये दिसतच नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

तो शेजारी बसून गांजा ओढतो. माझी टेस्ट पॉझिटिव्ह येईल?

बहुतेक वेळा नाही. गांजा-चरसासाठीची पट्टी साधारणपणे एका मिलिलिटर लघवीत टीएचसीचे (गांजातल्या नशेच्या घटकाचे) अवशेष ५० नॅनोग्रॅमच्या वर गेले तरच पॉझिटिव्ह दाखवते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याचा प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ओढणारे आणि सहा न ओढणारे तासभर एका छोट्या बंद खोलीत बसवले. माल तेज होता. हवा खेळती नव्हती तेव्हा न ओढणाऱ्यांपैकी एकाचीच लघवी ५० च्या वर गेली, तीही पुढच्या काही तासांपुरती. पंखा लावून हवा बाहेर काढली तेव्हा एकाचीही गेली नाही.

मात्र काही प्रयोगशाळा २० नॅनोग्रॅमची मर्यादा लावतात, आणि त्या मर्यादेने बंद खोलीतले आणखी काही जण पॉझिटिव्ह ठरले. दहा बाय दहाची खोली, पावसाळ्यात बंद खिडक्या आणि रात्री दोन-तीन मित्र जमलेले, म्हणजे जवळजवळ तो प्रयोगच. शिवाय टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे धूर निरुपद्रवी, असंही नाही. गांजाच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो बाळाकडे जाणारा प्राणवायू कमी करतो. बिडी-सिगारेटच्या धुराने बाळाचं वजन कमी भरतं हे तर पक्कं ठाऊक आहे, आणि चिलमीत गांजाबरोबर तंबाखू बहुतेकदा असतोच. ओढायचं तर घराबाहेर. खिडकीत उभं राहून ओढलेला धूरही घरातच फिरतो.

शरीरसंबंधातून किंवा चुंबनातून त्याचं ड्रग माझ्या लघवीत येतं का?

नाही. वीर्यात काही पदार्थांचे अंश सापडतात, पण ते इतके कमी असतात की टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. शरीरसंबंधातून येतात ते आजार.

मग मी नेमक्या कुठल्या तपासण्या मागून घ्यायच्या?

नवरा सुई टोचून घेत असेल किंवा पूर्वी कधी घेत असेल, तर या चार तपासण्या झाल्याची खात्री करा: एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, बी काविळीसाठी एचबीएसएजी, आणि सी काविळीसाठी अँटी-एचसीव्ही. पहिल्या तीन बहुतेक ठिकाणी आपोआप होतात. चौथी अनेकदा राहून जाते, कारण ती ठरलेल्या यादीत असतेच असं नाही. आणि सुया वाटून घेणाऱ्यांत सी कावीळच जास्त पसरते. डॉक्टरांना सरळ सांगा, "यांना सुईची सवय होती, माझी एचसीव्ही करून घ्या."

सुई नाही, फक्त नाकाने ओढतो, असं असलं तरी सी काविळीची तपासणी टाळू नका. गुंडाळलेली नोट किंवा नळी एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जाते, आणि नाकाच्या आतल्या बारीक जखमांचं रक्त तिला लागलेलं असतं.

एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो, असं नाही. संसर्ग झाल्यावर तो तपासणीत दिसायला वेळ लागतो. साध्या झटपट किटवर एचआयव्हीला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, प्रतिजनही (विषाणूचा अंशही) बघणाऱ्या चौथ्या पिढीच्या तपासणीला सुमारे दीड महिना, आणि सी काविळीच्या अँटीबॉडीला साधारण दोन ते तीन महिने. म्हणून नवऱ्याचं सुई घेणं चालू असेल तर पहिल्या तिमाहीत एकदा आणि आठव्या महिन्यात पुन्हा तपासणी करा. मधल्या काळात निरोध वापरा. "आता तर पोटुशीच आहे, निरोध कशाला" हा विचार इथे सगळ्यांत महाग पडतो, कारण गरोदरपणात नव्याने एचआयव्ही झाला की रक्तातला विषाणू भरमसाट असतो आणि बाळाला होण्याची शक्यता वाढते.

नवऱ्याची तपासणीही तेवढीच गरजेची आहे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात दोघांची एचआयव्ही तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशकाशी बोलणं होतं, आणि अहवाल ज्याचा त्याच्या हातात मिळतो. माहिती हवी असेल तर १०९७ हा नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) फुकट क्रमांक आहे.

त्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला लावा. नशा, कमी झालेलं खाणं आणि कोंदट खोली असली की क्षयरोग फार लांब नसतो.

यातलं काही पॉझिटिव्ह आलं तर बाळाचं काय?

एचआयव्ही: औषध घेतलं नाही तर बाळाला होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषध सुरू केलं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. २०१४ पासून भारतात प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला एआरटी (एचआयव्हीची औषधं) मोफत आणि जन्मभर दिली जाते. रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी किती उरल्या आहेत याची वाट बघत नाहीत.

बी कावीळ: बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस, आणि १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन. हे दुसरं इंजेक्शन महाग असतं आणि ऐन वेळी लहान गावात मिळत नाही. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी ते कुठून आणायचं हे ठरवून ठेवा. तुम्ही निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर तुम्ही स्वतः लस घ्या. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा असतात आणि गरोदरपणात त्या चालतात.

सी कावीळ: बाळाला होण्याची शक्यता साधारण वीसात एक. गोळ्या सहसा बाळंतपणानंतर देतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून त्या मोफत मिळतात.

सिफिलिस: पेनिसिलिनचं इंजेक्शन. नवऱ्यालाही द्यावंच लागतं, नाहीतर पुन्हा होतो.

मेडिकलमधून किट आणून घरी टेस्ट केली तर?

करता येते, पण वाचताना हमखास एक गफलत होते. गरोदरपणाच्या किटवर दोन रेषा म्हणजे पॉझिटिव्ह. ड्रगच्या किटवर दोन रेषा म्हणजे निगेटिव्ह. अगदी उलट. या पट्टीवर लघवीत ड्रग असलं की ते रंगाची जागा अडवतं आणि 'टी'ची (तपासणीची) रेषा उमटतच नाही. म्हणून 'सी'ची (पट्टी नीट चालते हे दाखवणारी) रेषा आहे, 'टी'ची नाही, याचा अर्थ पॉझिटिव्ह. 'टी'ची रेषा कितीही फिकी, अगदी डोळे बारीक करून बघावी लागेल अशी असली, तरी ती निगेटिव्हच धरायची. 'सी'चीच रेषा नसेल तर पट्टी बाद.

पट्टी पाकिटातून काढल्यावर लगेच वापरा, दमट हवेत ती खराब होते. लघवीत फक्त खुणेच्या रेषेपर्यंत बुडवा, १० ते १५ सेकंद. मग सपाट जागी ठेवा आणि पाच मिनिटांनी वाचा. वेळा कंपनीप्रमाणे थोड्या बदलतात, त्या पाकिटावर असतात. तासाभराने केराच्या टोपलीतून काढून बघितलेली पट्टी काहीही सांगते.

नवऱ्याची टेस्ट त्याच्या नकळत करायच्या फंदात पडू नका. निकाल हातात आल्यावर पुढे करणार काय, हे बहुतेकींनी ठरवलेलंच नसतं. घरात भांडण पेटतं आणि टेस्टमधून मात्र अलीकडे घेतलं होतं की नाही यापलीकडे काही कळत नाही.

किती दिवस दिसतं?

लघवीत गांजा एकदाच ओढला असेल तर साधारण तीन दिवस, रोजच्या ओढणाऱ्यात महिनाभर किंवा त्याहून जास्त, कारण टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू सुटतं. गर्दचं मॉर्फिन दोन-तीन दिवस. कोकेनचे अवशेष दोन ते चार दिवस, रोज घेणाऱ्यात अधिक. ॲम्फेटामाइन (उत्तेजक) आणि एमडीएमए (एक्स्टसी) दोन ते चार दिवस. होळीला घेतलेली भांगेची थंडाई म्हणजे टीएचसीच. ओढली काय, प्यायली काय, पट्टीला फरक कळत नाही.

एमडी, गोळ्या, कफ सिरप: हे सगळं किटवर दिसतं का?

सगळं नाही. मुंबई-पुण्यात ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, ज्यावर २०१५ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली बंदी आली. ते आणि एमडीएमए एक नव्हे. बाजारातल्या पाच-सहा पट्ट्यांच्या नेहमीच्या किटवर मेफेड्रोनची पट्टी नसते, म्हणून एमडी घेणाऱ्याचा निकाल खुशाल निगेटिव्ह येऊ शकतो. त्यासाठी प्रयोगशाळेत नाव सांगून एलसी-एमएस (नेमका रेणू ओळखणारी) तपासणी करावी लागते.

मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेकदा अल्प्राझोलाम असते. ती बेंझोडायझेपिनच्या (झोपेच्या गोळ्यांच्या गटाच्या) पट्टीवर पकडली जाते. त्याच जातीची क्लोनाझेपाम मात्र बऱ्याच पट्ट्यांवरून निसटते. अफूच्या पट्टीवर कोडीनचं कफ सिरप दिसतं, पण ट्रामाडॉल, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन ही अफूसारखीच औषधं दिसत नाहीत. "अफूची निगेटिव्ह आहे" याचा अर्थ एवढाच की मॉर्फिन आणि कोडीन नाही.

मी काहीच घेतलं नाही, तरी पॉझिटिव्ह आलं. असं होतं?

होतं. पट्टी रेणूचा साधारण आकार ओळखते, नेमका रेणू नाही. गरोदरपणातलं बीपी उतरवायला सर्रास देतात ते लॅबेटालॉल ॲम्फेटामाइनसारखं दिसू शकतं. उलटीसाठीचं प्रोमेथाझिन, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि जुन्या ॲसिडिटीच्या गोळ्यांतलं रॅनिटिडीन यांचंही तेच. लेव्होफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन अफूच्या पट्टीवर घोळ घालतात. एचआयव्हीच्या औषधांतलं एफाव्हिरेन्झ गांजाच्या पट्टीवर.

आणि आपली खसखस. तिच्यावर अफूच्या बोंडातला चीक लागलेला असतो, त्यामुळे त्यात खरंच मॉर्फिन असतं. अनारशावर थापलेली चिमूटभर ही एक गोष्ट, पण खसखशीची खीर किंवा बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घसघशीत टाकलेली खसखस एक-दोन दिवस लघवीत मॉर्फिन दाखवू शकते. अमेरिकेतल्या सरकारी नोकरीच्या टेस्टमध्ये मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली, ती याच बियांमुळे. रुग्णालयांत मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी ३०० ची मर्यादा चालते.

असा निकाल आला तर तीन गोष्टी करा. गेल्या आठवड्यातली सगळी औषधं, सिरप, काढे आणि खसखशीचं खाणं कागदावर लिहून द्या. त्याच नमुन्याची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस पद्धतीने पक्की तपासणी मागा. दुसऱ्या दिवशी नव्याने दिलेली लघवी जुन्या निकालाचं काही सिद्ध करत नाही. आणि पक्का निकाल येईपर्यंत अहवालावर "प्राथमिक, खातरजमा बाकी" असं लिहून घ्या.

नमुना देताना काय चुकतं?

भीतीने दोन-तीन बाटल्या पाणी पिऊन जाणं. गरोदरपणात मूत्रपिंडं मुळातच सुमारे दीडपट रक्त गाळतात, लघवी पातळ असते. त्यात आणखी पाणी प्यायलं की क्रिएटिनिन (लघवी किती दाट आहे ते सांगणारा घटक) एका डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतं आणि अहवालावर "पातळ नमुना" असा शेरा येतो. काही ठिकाणी तो संशयास्पद मानतात. सकाळची पहिली लघवी ३० ते ४५ मिलिलिटर पुरते. ती ताजी असावी. घेतल्यावर चार मिनिटांत ३२ ते ३८ अंश भरली नाही तर नमुना नाकारतात.

कळा सुरू झाल्यावर नमुना घेणार असतील तर तो एपिड्युरलच्या (कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनच्या) आधी घ्यायला सांगा. एपिड्युरलमध्ये बहुतेकदा फेंटानिल असतं, आणि नंतरच्या लघवीत ते दिसलं तर दोष तुमच्यावर येतो.

माझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येते का?

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने स्पष्ट लिहिलं आहे की समजावून सांगून संमती घ्यावी आणि निकाल गुप्त ठेवावा. ड्रग टेस्टलाही वैद्यकीय नियमांप्रमाणे तुमची संमती लागते, जीव धोक्यात असेल ती वेळ सोडून. सासूबाई किंवा नवऱ्याने काउंटरवर सांगितलं म्हणून ती होत नाही. तपासणीच्या खोलीत "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचं आहे" एवढं म्हणालात तरी पुरतं. चांगला डॉक्टर बाकीच्यांना बाहेर बसवतो.

डॉक्टर पोलिसांना कळवतील का?

नवरा किंवा बायको नशा करते म्हणून डॉक्टरांनी पोलिसांत कळवलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नशा करणं हा गुन्हा आहे: गर्द-कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, गांजासारख्यांसाठी सहा महिने किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे जो व्यसनी स्वतःहून उपचाराला जातो त्याला संरक्षण मिळू शकतं.

बाईला धोका आहे तो दुसऱ्या कलमाचा. आपलं घर जाणूनबुजून मालासाठी वापरू देणं हा कलम २५ खाली गुन्हा आहे. "त्याच्या मित्राची पिशवी आहे, दोन दिवस राहू दे" याला सरळ नाही म्हणा.

आम्ही अमेरिकेत आहोत. तिथे काय वेगळं?

बरंच. तिथे काही रुग्णालयं प्रत्येक बाळंतिणीची लघवी तपासतात, काही संशय आला तरच. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं मत असं की सगळ्यांना तोंडी प्रश्न विचारावेत आणि लघवीची टेस्ट संमतीनेच करावी. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार्ल्सटन शहराच्या खटल्यात ठरवलं की सरकारी रुग्णालयाने संमतीविना टेस्ट करून निकाल पोलिसांना देणं घटनेच्या विरुद्ध आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी रुग्णालयांनी २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी लेखी संमती सक्तीची केली. बाल संरक्षण खात्याला कळवण्याचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे. दाखल होण्याआधी रुग्णालयाचं धोरण लेखी मागा आणि सहीच्या कागदांत ड्रग टेस्टचं वाक्य शोधा. ते सर्वसाधारण संमतीच्या मजकुरात दडलेलं असतं.

बाळंतपणात वडिलांची टेस्ट होत नाही. पण "घरात कुणी ड्रग घेतं का" या प्रश्नाचं उत्तर नोंदीत जातं.

एच-४ किंवा एच-१ व्हिसावर असाल तर आणखी एक गाठ लक्षात ठेवा. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही, आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या मुलाखतीत वापराची कबुली अडचणीची ठरते. डॉक्टरांना खरं सांगा. इमिग्रेशनच्या प्रश्नांना मात्र वकिलाला विचारून उत्तर द्या.

बाळाची टेस्ट कशी करतात?

भारतात क्वचितच. परदेशात बाळाची लघवी घेतात, ती शेवटच्या काही दिवसांचं सांगते. बाळाची पहिली काळी शी आणि नाळेचा तुकडा गरोदरपणाच्या उत्तरार्धाचं सांगतात. आपल्याकडे डॉक्टर बाळाकडे बघूनच ओळखतात. आई गर्द किंवा अफूजन्य औषध घेत असेल तर एक-दोन दिवसांत बाळ कर्कश रडतं, थरथरतं, सारखं शिंकतं, दूध नीट ओढत नाही. बाप घेत असेल आणि आई घेत नसेल तर बाळाला हा त्रास होत नाही.

कधीकधी मीही त्याच्याबरोबर घेते. लगेच सोडू?

गांजा, दारू कधीमधी असेल तर आजच. पण गर्द, अफूजन्य गोळ्या, रोजची झोपेची गोळी किंवा रोजची दारू असेल तर एकदम तोडू नका. अचानक तोडल्याने झटके येऊ शकतात किंवा मुदतपूर्व कळा सुरू होऊ शकतात. गर्दसाठी डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या बदली औषधांवर आणतात. बाळाला थोडा त्रास होतो, तो उपचाराने जातो. मिश्रीही सोडायच्या यादीत धरा. तिच्यातल्या निकोटिनने बाळाचं वजन कमी होतं, आणि कुणी विचारत नाही म्हणून ती राहून जाते.

मदत कुठे?

व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. मारहाण होत असेल तर १८१, जीवावर बेतलं तर ११२. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथे व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने एकटीने जावं.

बाळ घरी आल्यावर तो ओढत राहिला तर?

घराबाहेर ओढायचं, कपडे बदलायचे, हात-तोंड धुवायचं, मगच बाळाला घ्यायचं. नशेत असताना बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाही. गुदमरून बाळं जातात ती अशा रात्री. तुम्ही स्वतः काही घेत नसाल तर अंगावर पाजायला हरकत नाही. गोळ्या, पुड्या आणि सुया बाळ रांगायला लागायच्या आत घराबाहेर गेलेल्या असाव्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही.